पॉवर ऑफ अटर्नी आणि घरातल्या वस्तू : चावी दिली म्हणून सगळं दिलं का?

गोव्यात कोणी पॉवर ऑफ अटर्नीचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, मुखत्याराला, लिहून देणाऱ्या मुखत्यारपत्राचा, विषय काढला की बोलणं थेट जमिनीवर जातं, आणि ते साहजिक आहे, २०२२ मध्ये जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी नेमावी लागली, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला, आणि बोगस कागदांवर लोकांच्या जमिनी परस्पर विकल्याच्या बातम्या आपण कितीतरी दिवस वाचत होतो. त्याच्याही आधी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूरज लँप प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की नुसत्या मुखत्यारपत्रावरून जमिनीची मालकी बदलत नाही, त्यासाठी रजिस्टर झालेलं खरेदीखतच लागतं. त्यामुळे जमिनीच्या बाबतीत आता गावातला साधा माणूससुद्धा चार वेळा विचारतो, वकिलाला दाखवतो, मगच सही करतो. चांगलंच आहे ते.

पण त्याच कागदात दोन ओळी खाली "स्थावर व जंगम मिळकत" असं लिहिलेलं असतं आणि त्यातल्या "जंगम" कडे कोणी ढुंकूनही बघत नाही. जंगम म्हणजे काय, तर घरातलं सगळं. देवघरातले देव, समया, पेटारा, कपाटातल्या साड्या, नवऱ्याचा चष्मा, मुलांच्या पहिलीच्या वह्या, पत्रं, आरामखुर्ची, लोणच्याच्या बरण्या. या सगळ्यावर दुसऱ्या माणसाचा हात चालेल असं आपण त्या एका शब्दात लिहून देतो आणि लिहून देणाऱ्याला ते माहीतच नसतं. माझं म्हणणं साधं आहे, घर सांभाळायचा अधिकार म्हणजे घरातल्या माणसाच्या वस्तू निकालात काढायचा अधिकार नाही, आणि जोपर्यंत वेगळं, स्पष्ट, वस्तू धरून लिहिलेलं नाही तोपर्यंत तो आहे असं कोणी समजू नये, ना मुखत्याराने, ना विकत घेणाऱ्याने, ना कागद टाइप करणाऱ्याने.

हा प्रश्न आपल्याकडे जास्त का, तेही बघा. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या लोकांचं प्रमाण केरळनंतर गोव्यातच सगळ्यात जास्त होतं, ११ टक्क्यांच्या वर, आणि आता ते नक्कीच वाढलेलं असणार. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला, इंग्लंडला, कोणी बोटीवर. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही जा, मोठमोठी घरं आणि आत एक किंवा दोन म्हातारी माणसं, नाहीतर कुलूप. मग पॉवर द्यावीच लागते कोणालातरी. घरपट्टी भरायला, लाइट बिलाचं नाव बदलायला, भाडेकरू बघायला, पंचायतीत कागद द्यायला कोणीतरी जागेवर लागतंच. त्यामुळे पॉवर देऊच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती नसती तर अर्धी घरं वाळवीने खाल्ली असती.

आता ती केली कशी जाते ते सांगते. कोर्टाच्या जवळपास टायपिंगवाले बसतात, नाहीतर ओळखीच्या वकिलाकडे तयार मसुदा असतो, त्यात नाव, वय, पत्ता, आधार नंबर बदलला की झालं. मसुदा बहुतेक वेळा इंग्रजीत, सही करणारी आजी मराठी शाळेत शिकलेली. त्यात बँक, कोर्ट, वीज खातं, पंचायत, जमीन, घर, भाडं, कर्ज आणि शेवटी सगळ्यांना पुरून उरणारं वाक्य, की मुखत्यार जे काही करेल ते आम्ही स्वतः हजर राहून केल्यासारखं आम्हाला मान्य आणि कबूल राहील. घाईत कोणी वाचून दाखवत नाही. वाचून दाखवलं तरी "सगळं लिहिलेलं बरं, उद्या अडायला नको" म्हणतात, आणि बँकेच्या काउंटरवर खरंच अडतं म्हणून लोकांना ते पटतं.

आमच्या एका आतेचं उदाहरण देते, नाव गाव नको. शाळेत शिक्षिका होती, रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली. काका भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गावातल्या सप्ताहाला त्यांची पेटी ठरलेली. काका गेल्यावर ती एकटी, मग गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि मुलगी पुण्याला घेऊन गेली. जाण्याआधी दिराच्या मुलाला पॉवर दिली, शेजारच्याच घरात राहतो, चांगला मुलगा आहे, हे मी मुद्दाम सांगते कारण ही चोरीची गोष्ट नाही. ऑपरेशननंतरचं राहणं लांबलं, घर बंद, पावसाळा आला, भिंतींना ओल. भाड्याने द्यायचं ठरलं, त्याला आतेचीही हो होती, बाहेरून आलेलं एक जोडपं तयार होतं पण त्यांना खोल्या रिकाम्या हव्या होत्या. मग त्याने जुनं सामान घेणाऱ्याला बोलावलं. शिसवी पेटारा, तांब्याचं भाण म्हणजे मोठं भांडं, दोन चिनी मातीच्या मोठ्या बरण्या, आणि पेटी. पेटीचा भाता फाटलेला होता, काही सूर दाबलेलेच राहायचे, त्याच्या मते ती निरुपयोगी वस्तू. पेटीच्या खालच्या कप्प्यात काकांनी हाताने लिहिलेल्या भजनांच्या वह्या होत्या, त्या पेटीबरोबर गेल्या की रद्दीत, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आते चतुर्थीला आली. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचं, सामान आणायचं बोलणं चाललं होतं, पाहुणे जमलेले, आणि तिने आत डोकावून विचारलं, "पेटी खंय गेली रे?" त्याने लगेच पासबुक आणून दाखवलं. सगळे पैसे तिच्याच खात्यात भरलेले, एक रुपया इकडचा तिकडे नाही. तो खरंच गोंधळला होता की ही रडतेय कशाला, हिशोब तर पूर्ण आहे.

मला वाटतं सगळा वाद इथेच आहे. आपण मुखत्याराचा प्रामाणिकपणा फक्त पैशात मोजतो. कायदासुद्धा बऱ्याच अंशी तसाच वापरला जातो, आणि म्हणून प्रामाणिक माणसाच्या हातूनसुद्धा भरून न येणारं नुकसान होतं. फसवणूक असती तर रस्ता होता. विश्वासाने सोपवलेली वस्तू बेइमानीने वापरली किंवा विकली तर तो फौजदारी विश्वासघात, आधी भारतीय दंडविधानात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे, आणि एजंट किंवा मुखत्याराने केला तर शिक्षा आणखी कडक. पण त्यासाठी मनात बेइमानी असावी लागते. आतेच्या पुतण्याच्या मनात ती नव्हती. मग पोलिसात जाऊन सांगणार काय?

दिवाणी कायद्यात मात्र बरंच काही आहे आणि ते लोकांना सांगायला हवं. मुखत्यारपत्राचा आपला मूळ कायदा १८८२ चा, अगदी लहान, पण मुखत्यार आणि त्याला नेमणारा यांच्यातलं नातं चालतं ते १८७२ च्या करार कायद्यावर, त्यातल्या एजन्सीच्या, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या वतीने काम करण्याच्या, प्रकरणावर. कलम २११ म्हणतं की मालकाने, म्हणजे नेमणाऱ्याने, जसं सांगितलंय तसंच काम करायचं, आणि सांगितलेलं नसेल तर त्या ठिकाणी त्या प्रकारच्या कामाची जी रीत आहे तसं. आता मला सांगा, गोव्यात कुठल्या गावात अशी रीत आहे की बाई जिवंत असताना तिच्या देवघराच्या बाजूची पेटी तिला न विचारता विकायची? कलम २१४ तर आणखी थेट आहे, अडचण आली तर मालकाशी संपर्क करून त्याच्या सूचना घ्यायचा पुरेपूर प्रयत्न करणं हे मुखत्याराचं कर्तव्यच आहे. १८७२ साली पत्र पोचायला आठवडे लागत असतील, तरी हे कलम घातलं. आज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावून एक एक वस्तू दाखवायला अर्धा तास पुरतो. "विचारायला वेळ नव्हता" हे कारण आता कोणाच्याच तोंडी शोभत नाही.

तातडीचं काम असेल तर कायदा मुखत्याराला मोकळीकही देतो, कलम १८९, म्हणजे पावसात छप्पर कोसळलं, पाणी आत आलं, तर स्वतःचं घर असतं तर शहाण्या माणसाने जे केलं असतं ते सगळं तो करू शकतो. कपाट उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवू शकतो, भिजलेल्या गाद्या टाकून देऊ शकतो. पण भाडेकरूला रिकामी खोली हवी ही काही आणीबाणी नव्हे. आणि कोणी जर विचार करत असेल की शिसवी कपाट चांगलं आहे, आपणच योग्य किंमत लावून घेऊया, तर कलम २१५ आणि २१६ वाचा, मालकाला सगळी माहिती देऊन त्याची संमती घेतल्याशिवाय मुखत्याराने स्वतःशीच व्यवहार केला आणि त्यात काही लपवलं असेल किंवा मालकाचं नुकसान होत असेल तर मालक तो नाकारू शकतो, आणि त्याला न कळवता केलेल्या व्यवहारातला फायदा मागू शकतो. दान द्यायचं तर त्याहून पुढचं, विकायची मुभा लिहिली म्हणजे फुकट वाटायची मुभा मिळत नाही, ती वेगळी लिहिलेली असावी लागते.

आणि ते "सगळं मान्य आणि कबूल" वालं वाक्य? कोर्टं मुखत्यारपत्र काटेकोरपणे वाचतात. आधी ठरावीक कामं लिहिली आणि शेवटी मोघम शब्द घातले तर ते मोघम शब्द त्या ठरावीक कामांपुरतेच धरायचे ही जुनी रीत आहे. अख्खा कागद एकत्र वाचायचा आणि तो कशासाठी केला ते बघायचं, मुखत्यारपत्र वाचायच्या या पद्धतीचा ऊहापोह सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये केला तोही आपल्या गोव्यातल्याच एका खाणीच्या खटल्यात. म्हणजे घर भाड्याने द्यायला केलेल्या पॉवरमध्ये "जंगम" शब्द आला म्हणून बाईचं मंगळसूत्र विकायचा अधिकार आला असं होत नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही की कोर्टात तुम्ही बरोबर ठराल, पण पेटी येणार नाही. कलम २३७ प्रमाणे मालकाच्या वागण्यावरून किंवा शब्दांवरून तिसऱ्या माणसाचा समज झाला की मुखत्याराला हा अधिकार आहे, तर मालकच त्या व्यवहाराला बांधला जातो. सामान घेणारा म्हणणार, मी पॉवर बघितली, त्यात जंगम मिळकत विकायचं लिहिलंय, मी पैसे दिले, माझा काय दोष. बिचाऱ्याचं चूकही नाही. म्हणजे तो एक शब्द मुखत्याराला खरा अधिकार देत नाही पण घेणाऱ्याला संरक्षण देतो, आणि भांडण उरतं ते आते आणि पुतण्या यांच्यात, पैशाच्या भरपाईचं. सत्तर वर्षांच्या बाईने शेजारच्या घरातल्या मुलावर फुटक्या भात्याच्या पेटीसाठी केस घालायची? कोणी घालत नाही. बोलणं बंद होतं, चतुर्थीला एकत्र जेवणं बंद होतं, आणि संपतं.

यावर एक उत्तर हमखास येतं आणि ते हलकं नाही, की अहो सगळ्या वस्तूंना जीव लावत बसलं तर घर सांभाळणाऱ्याने जगायचं कसं? मी अशा पुष्कळ मुली बघितल्यात ज्या नोकरी सांभाळून शनिवार रविवार म्हापशाला येऊन आईचं घर आवरतात, जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या, मुदत गेलेली औषधं, तुटलेल्या खुर्च्या, प्रत्येक चमच्यासाठी फोन करायचा का? आणि आईला विचारलं की ती "असूं दे" एवढंच म्हणणार, मग वाळवी लागणार, साप येणार. खरं आहे. म्हणूनच मी सरसकट बंदी मागत नाही. रोजच्या वापरातलं, बाजारात तसंच दुसरं मिळतं असं, ते मुखत्याराने आपल्या अकलेने बघावं. फ्रिज बिघडला, विकून टाका. पण जी वस्तू दुसरी आणता येत नाही ती विचारल्याशिवाय हलवू नये, हा फरक करायला फार मोठी बुद्धी लागत नाही, आणि ज्याला तो कळत नाही त्याच्या हातात घराची चावी देणंच चूक.

दुसरी गोष्ट, गोव्याची म्हणून खास. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून आपल्याकडे लागू झाला आणि त्याचा वारसाहक्काचा भाग आता आपल्या स्वतःच्या कायद्यात आलाय, तो २०१२ ला पास झाला आणि २०१६ पासून चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा बायकोची मिळकत एकत्र, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. याचा अर्थ घरातला पेटारा सहसा एकट्याचा नसतोच. वडिलांनी एकट्यांनी सही करून मोठ्या मुलाला पॉवर दिली, तर आईच्या अर्ध्याचं काय? स्वतःकडे जेवढं आहे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला देता येत नाही. काका गेल्यावर आतेच्या घरातली अर्धी मिळकत तर वारसांच्या हिशोबातली, त्यात मुलगीही आली. देव आणि देवघरातली भांडी तर कित्येक घरांत सगळ्या भावकीची, चतुर्थीला मुंबईहून येणारे सगळे ज्याच्यापुढे हात जोडतात तो गणपतीचा चौरंग एका माणसाच्या सहीने कसा जाईल?

आणि आपल्याकडे इन्व्हेंटरी म्हणजे काय हे लोकांना चांगलं माहीत आहे. माणूस गेल्यावर मिळकतीची यादी होते, जमिनीबरोबर सोनं, चांदी, फर्निचर लिहिलं जातं, किंमत लागते, वारस आपसात बोली लावून कोणी काय घ्यायचं ते ठरवतात. बँकेत लॉकरचं बघा, लॉकरवाला वारला आणि नॉमिनी आला तर बँक लॉकर उघडून आतल्या वस्तूंची यादी करते, सह्या घेते, मगच सामान नेऊ देते, हे बँकिंग कायद्यातच आहे. म्हणजे माणूस मेल्यावर त्याच्या चमच्या-वाटीचीसुद्धा यादी, आणि तो जिवंत असताना, पुण्याला मुलीकडे बसून टीव्ही बघत असताना, त्याच्या घरातून काय काय गेलं त्याचा एक कागद नाही. मला हे अजिबात मान्य होत नाही. शिवाय जिवंतपणी मुखत्याराने वस्तू परस्पर घालवल्या की पुढे मृत्युपत्रात "नथ नातीला" असं लिहिलेलं असून उपयोग काय? मृत्युपत्र तर मुखत्याराने करताच येत नाही, ते ज्याचं त्यानेच करायचं असतं, मग ते मोडायचा रस्ता त्याला का असावा? अमेरिकेत यावर विचार झालाय, तिथल्या बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या २००६ च्या नमुना कायद्यात दान द्यायचा अधिकार स्पष्ट लिहिल्याशिवाय मिळत नाही, आणि मालकाची पुढची वाटणी काय ठरली आहे ते माहीत असेल तर ती जपायचा प्रयत्न करणं हे मुखत्याराचं काम धरलंय.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत तर देशाचाही कायदा मध्ये येतो. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कलावस्तू, आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं, हे पुरातन वस्तूत येतं, त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदीच आहे. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यावर काय काय पडलेलं असतं, मोडी लिपीतले कागद, पोथ्या, पोर्तुगीज काळातले दस्तऐवज. पुतण्या ते रद्दी म्हणून देतो आणि टेंपो भरून निघून जातो.

आता दुसऱ्या टोकाचं बोलते, कारण इथे कायदाच उलटा उभा आहे असं मला वाटतं. करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मालक वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की एजन्सी संपली. मेल्यावर संपते ते ठीकच, जरी कितीतरी लोक वडील वारल्यावरही सहा सहा महिने तीच पॉवर दाखवत फिरतात. पण डिमेन्शिया झाला की संपते याचा अर्थ काय होतो? ज्या दिवसासाठी बाईने सही केली होती, की मला काही कळेनासं झालं तर बघणारा कोणी असावा, त्याच दिवशी कागद निकामी. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने क्षमता गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र आहे, आणि तिथे मुखत्याराने वस्तू भेट देण्यावर कडक मर्यादा घातली आहे, वाढदिवस, लग्न, अशा नेहमीच्या प्रसंगी, ऐपतीला शोभेल एवढीच. आपल्याकडे असं काही नाही. कोमातल्या माणसासाठी पालक नेमायचा तर कसा, यावर केरळ हायकोर्टाला २०१९ मध्ये स्वतः मार्गदर्शक सूचना घालून द्याव्या लागल्या कारण कायद्यात रस्ताच नव्हता. घरोघरी प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, जुनी पॉवर दाखवून, आजीचा अंगठा घेऊन, तिच्या फोनवर आलेला ओटीपी नातवाने वाचून.

म्हणजे आज आपलं मुखत्यारपत्र वस्तूंच्या बाबतीत नको तितकं रुंद आहे आणि काळाच्या बाबतीत नको तितकं तोकडं. शुद्धीत असलेल्या बाईची पेटी तिला न विचारता जाऊ शकते, आणि शुद्ध हरपलेल्या बाईच्या औषधांसाठी तिच्याच खात्यातले पैसे काढता येत नाहीत. हे उलटं करायला पाहिजे. क्षमता गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र कायद्याने यावं, त्याच्यावर देखरेख असावी, आणि त्याच वेळी वैयक्तिक वस्तू त्याच्या बाहेर ठेवाव्या, जोवर मालकाने शुद्धीत असताना वस्तू धरून काही लिहिलेलं नाही. करार आणि एजन्सी हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती यादीत आहेत, त्यामुळे केंद्राची वाट बघत बसायचं कारण नाही, राज्यालाही दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची मंजुरी लागेल एवढंच. आणि वारसा, नोटरी, इन्व्हेंटरी यांचा स्वतःचा कायदा करणाऱ्या गोव्याला हे अवघड वाटू नये.

पण कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करा. पॉवर करताना वकिलाला सांगा, वस्तूंची एक वेगळी यादी जोडायची. चमचे मोजायचे नाहीत. ज्या वस्तूंना हात लावायचा नाही त्या लिहा, कोणाला विचारून काय करायचं ते लिहा, आईला विचारणं शक्य नसेल तर कोणाला विचारायचं, मुलीला की बहिणीला, तेही नाव घालून लिहा, आणि बाकीचं मुखत्याराने बघावं असं लिहा. घरभर मोबाइल फिरवून एक व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, माळासुद्धा, आणि तो दोघा तिघांकडे ठेवा. दागिने, पत्रं, वह्या, फोन हे निघतानाच बरोबर न्या, घर सांभाळायला दिलेल्या माणसावर त्याचा भार टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. मुखत्यार होणाऱ्यानेही अशी यादी स्वतःहून मागावी, उद्या सगळी भावकी त्याच्याकडे बोट दाखवणार आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारं दुसरं काही नसणार.

ज्यांनी आधीच सगळं लिहून दिलंय त्यांनी घाबरून पॉवर रद्द करायला धावायची गरज नाही. साध्या कागदावर मराठीत पत्र लिहा, की अमुक तारखेच्या मुखत्यारपत्राने घरातल्या खालील वस्तू विकायचा, द्यायचा किंवा हलवायचा अधिकार तुम्हाला नाही, सही करा, नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. न वापरलेला अधिकार मालक केव्हाही काढून घेऊ शकतो, आणि मुखत्याराला कळल्यापासून तो त्याला बांधील होतो, हे करार कायद्यातच आहे, कलम २०३ आणि २०८. बाहेरच्या माणसाला मात्र त्याला कळल्यापासूनच लागू होतं, म्हणून पत्राची एक प्रत शेजारी, एक भाडेकरूकडे, आणि गावात जुनं सामान घ्यायला नेहमी येणारा जो कोणी असेल त्याला तोंडी तरी सांगून ठेवा, ही पेटी विकायची नाहीये.